लघुपट आणि कमी बजेटच्या सिनेमाचा साउंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन-तीन माणसांची साउंड टीम, भाड्याचा रेकॉर्डर आणि खऱ्या घरात, खऱ्या गल्लीत शूटिंग असं ज्यांचं गणित आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. आकडे सुरुवातीपुरते धरा. हेडफोनमध्ये काही वेगळं ऐकू येत असेल, तर हेडफोनवर विश्वास ठेवा.

सिंक साउंड करावा की डबिंग? डबिंग स्वस्त पडतं ना?

सिंक साउंड म्हणजे शूटिंग होतानाच रेकॉर्ड केलेला आवाज; डबिंग म्हणजे संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा बोलून घेणं. डबिंग स्वस्त वाटतं, कारण त्याचं बिल उशिरा येतं. शूटिंगच्या दिवशी साउंडची माणसं आणि सामानाचं भाडं वाचतं. पण नंतर प्रत्येक कलाकाराच्या तारखा, डबिंग थिएटरचे तास आणि शब्द ओठांवर बसवणारा एडिटर यांचा खर्च येतोच. शिवाय संवाद सोडून बाकीचा प्रत्येक आवाज नव्याने तयार करावा लागतो. सिंक साउंडमध्ये संवादासोबत भांडी, दार, खाट, कपडे यांचे आवाजही हाती लागतात.

दुसरं कारण अभिनयाचं आहे, आणि आमच्या मते तेच मोठं. मराठीत कॅमेऱ्यासमोर आधी कधी न उभी राहिलेली माणसं घेऊन बरंच काम होतं. असा माणूस बांधावर उभा राहून वऱ्हाडी किंवा मालवणी झकास बोलतो. तीन महिन्यांनी काचेच्या खोलीत स्वतःचेच ओठ बघत बोलताना मात्र तो शब्द मोजायला लागतो आणि बोलीचा हेल जातो.

आपल्याकडे सुरुवात सेटवरच्या आवाजानेच झाली होती. १९३१चा पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ तसाच चित्रित झाला. स्टुडिओजवळून रेल्वे जात असल्यामुळे बरंचसं शूटिंग रात्री उरकावं लागलं. पुढे बाहेरचं शूटिंग वाढलं, हलके पण घरघरणारे कॅमेरे आले आणि डबिंग रूढ झालं. हिंदीतल्या मोठ्या बजेटच्या सिनेमात सिंक साउंडकडे पुन्हा लक्ष वेधलं ते २००१च्या ‘लगान’ने. आजचे डिजिटल कॅमेरे जवळजवळ गप्प असतात, त्यामुळे ते जुनं कारण उरलेलं नाही.

टँकरचा पाऊस, खवळलेला समुद्र, चालती मोटारसायकल, भरलेला बाजार अशा ठिकाणी डबिंग ठरवूनच करावं. पण तिथेही पायलट ट्रॅक, म्हणजे फक्त संदर्भासाठी सेटवर घेतलेला आवाज, नीट घ्या. कलाकार नक्की काय आणि कोणत्या तालात बोलला, हे डबिंगच्या वेळी त्यावरूनच कळतं.

किमान किती माणसं लागतात?

दोन. एक जण रेकॉर्डर सांभाळतो, दुसरा बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरतो. दोन्ही कामं एकाच्या गळ्यात घातली, तर मीटर बघताना बूम हलतो आणि बूम बघताना लेव्हल फुटते. कॉलर माइक चारपेक्षा जास्त असतील, तर ते लावण्या-काढण्यासाठी तिसरा माणूस घ्या. बूम धरायला रिकामा दिसेल त्या प्रॉडक्शन बॉयला उभं करू नका. बूम ऑपरेटरला संवाद पाठ असावे लागतात, कारण माइक वाक्य सुरू होण्याआधी त्या माणसाकडे वळलेला असावा लागतो.

कोणता माइक घ्यावा?

बाहेरच्या दृश्यांसाठी शॉटगन, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा लांब नळीचा माइक. सेन्हायझरचा एमकेएच ४१६ आपल्याकडे भाड्याने सहज मिळतो. घरात, विशेषतः चुना-सिमेंटच्या भिंती आणि फरशी असलेल्या खोलीत, लहान सुपरकार्डिऑइड माइक (हाही मुख्यतः समोरचा आवाज घेतो, पण नळीशिवाय) चांगला: सेन्हायझर एमकेएच ५० किंवा शोप्सचा एमके ४१. शॉटगनच्या पुढे जी खाचांची नळी असते, ती बाजूने येणारा आवाज आपसात छेदून कमी करते. पण ते काम वरच्या पट्टीतच नीट होतं. खोलीत भिंतीवरून परतलेला तोच आवाज चहूबाजूंनी नळीत शिरतो आणि काही पट्ट्या खाऊन टाकतो. मग आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो आणि डोकं हललं की त्याचा रंग बदलतो. या माइकना रेकॉर्डरमधून ४८ व्होल्टचा फॅंटम पुरवठा, म्हणजे माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज, लागतो. तो सुरू करायचा राहून गेला की पाच मिनिटं सगळे केबल बदलत बसतात.

माइक किती लांब चालेल?

क्लोजअपला तोंडापासून ४५ ते ६० सेंटिमीटर, मिडशॉटला साधारण मीटरभर. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने घटतो, पण खोलीतली घुमण आणि पंख्याची घरघर आहे तेवढीच राहते. गेन, म्हणजे रेकॉर्डरवर आवाज वाढवण्याचं बटण, वाढवला की तीही वर येते. म्हणजे दोन मीटरवरचा महागडा माइक अर्ध्या मीटरवरच्या साध्या माइकपुढे हरतो. कॅमेऱ्याला झूम असते, माइकला नसते.

बूम डोक्याच्या वर, किंचित पुढे आणि रोख छातीकडे. खालून वर धरला तर छताचा आवाज, विमानं आणि पंखा सगळं समोरून येतं. शॉट लागल्यावर छायाचित्रकाराला फ्रेमची वरची रेघ विचारा: माइक फ्रेममध्ये आणा आणि तो दिसेनासा होईपर्यंत वर न्या. सावली पडत असेल तर दिवा हलवायला सांगण्याआधी बूम दुसऱ्या बाजूने आणून बघा. वाइड आणि क्लोज एकाच वेळी दोन कॅमेऱ्यांवर घेतले, तर क्लोजअपलाही वाइडच्या अंतराचा आवाज मिळतो. दिग्दर्शकाला हे शॉट लावण्याआधी सांगा.

कॉलर माइक लावला की खरखर येते. काय करावं?

खरखर तीन प्रकारची असते आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा.

पहिली, कापड थेट माइकच्या डोक्यावर घासतं. माइकच्या दोन्ही बाजूंचं कापड माइकसोबतच हललं पाहिजे. त्यासाठी दुहेरी चिकटपट्टीची त्रिकोणी घडी करून माइक दोन थरांच्या मध्ये बसवा: एक बाजू शर्टला, दुसरी बनियनला किंवा त्वचेला. त्वचेवर औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी मेडिकल टेप वापरा.

दुसरी खरखर वायरमधून चढते. माइकच्या खाली वायरचा छोटा फास करून तो टेपने पक्का करा, म्हणजे कमरेचा झटका माइकपर्यंत पोचत नाही.

तिसरी कापडाचीच. खळ दिलेली सुती साडी, नवा खादीचा सदरा आणि पैठणीसारखं रेशीम स्वतःच कुरकुरतं. तिथे माइक कितीही छान लावा, फरक पडत नाही. वेशभूषेच्या माणसाशी आधी बोलून कपडे दोन-तीनदा धुऊन घ्यावेत. रेशमी साडी टाळता येत नसेल, तर त्या दृश्यात बूमवरच भिस्त ठेवा.

मंगळसूत्र हा आपल्याकडचा खास शत्रू. ब्लाउजच्या मधोमध लावलेल्या माइकवर वाट्या आपटतात आणि तो टकटक आवाज शब्दावरच पडला तर निघत नाही. माइक काठाशी थोडा बाजूला घ्या किंवा मंगळसूत्र आतून टेपने चिकटवा. वाट्यांच्या मागे मेणाचा बारीक ठिपका लावला तरी त्या एकमेकींवर वाजत नाहीत. पुरुषाच्या डोक्यावर फेटा किंवा टोपी असेल, तर कपाळाजवळची जागा उत्तम: डोकं वळलं तरी तोंडापासूनचं अंतर बदलत नाही. काचेच्या बांगड्या वाजू द्याव्यात की नाही, हे दृश्यावर ठरवा. बाई भाकरी थापताना बांगड्या हव्यातच, पण कुजबुजत बोलताना हातावर पातळ पारदर्शक टेप लावून त्या धराव्या लागतात.

एप्रिल-मेमध्ये घामाचं पाणी माइकच्या जाळीत गेलं की आवाज एकदम दबका होतो. वायर मानेकडून खाली आणताना तिला जाळीच्या खाली एक वळण द्या, म्हणजे घाम तिथून ठिबकतो. सुटा माइक जवळ असू द्या.

लेव्हल किती ठेवावी? ३२ बिट फ्लोट असेल तर बघायची गरज नाही ना?

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. मीटरवर शून्य म्हणजे कमाल मर्यादा, तिच्यापुढे आवाज फुटतो. नेहमीचं बोलणं उणे २० डेसिबलच्या आसपास, जोराचे शब्द उणे १२ ते उणे १० पर्यंत. लाल दिवा कधीच नको. २४ बिटमध्ये हळू घेतलेला आवाज नंतर उचलता येतो, फुटलेला मात्र परत येत नाही. एका ट्रॅकची तासाभराची फाइल जेमतेम ५२० मेगाबाइट होते, त्यामुळे जागा वाचवण्यासाठी एमपीथ्री रेकॉर्ड करण्यात काहीच अर्थ नाही.

३२ बिट फ्लोट म्हणजे खूप हळू आणि खूप मोठा आवाज एकाच फाइलमध्ये सामावणारी रेकॉर्डिंगची पद्धत. अशा रेकॉर्डरने एक धोका खरंच घालवला: कलाकाराने अचानक किंकाळी फोडली तरी रेकॉर्डरमध्ये ती फुटत नाही. पण त्याआधीचे टप्पे फुटू शकतात. वायरलेस ट्रान्समीटरचा गेन जास्त असेल, तर आवाज रेकॉर्डरपर्यंत येतानाच फाटलेला असतो. आणि लांब धरलेला माइक, घुमणारी खोली किंवा कापडाची खरखर यांवर ३२ बिटचा काहीही उपयोग नाही.

लोकेशनच्या रेकीत साउंडवाल्याने काय बघायचं?

रेकी म्हणजे शूटिंगआधी जागेची पाहणी. तिथे बघायचं कमी, ऐकायचं जास्त. शूटिंग ज्या वारी आणि ज्या वेळी आहे, त्याच वारी आणि त्याच वेळी जा. रविवारी शांत असलेल्या वाड्याच्या मागे सोमवारी पिठाची गिरणी सुरू होते. घंटागाडी, शाळेची मधली सुट्टी, आठवडी बाजार, आरती, अजान, पाण्याची मोटर, एसटी स्टँडचा भोंगा यांच्या वेळा लिहून घ्या आणि त्या असिस्टंट डायरेक्टरला द्या. शूटिंगचा क्रम त्याप्रमाणे लावता येतो. गणपती-नवरात्रात शहरातल्या वस्तीत संध्याकाळचे संवाद ठेवू नका. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात तर मुळीच नाही.

खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीची शेपूट लांबली तर गोधड्या, सतरंज्या, गाद्या लागतील. फ्रेमच्या बाहेरच्या भिंतींवर आणि जमिनीवर, कलाकाराच्या चालण्याच्या वाटेवर त्या टाका. कोपऱ्यात ढीग करून उपयोग नाही.

शूटिंगच्या दिवशी फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो परत सुरू केल्याशिवाय घरी जाता येत नाही. घरमालकाचं दूध नासलं की तिथे पुन्हा शूटिंग मिळत नाही. पंखा दृश्यात फिरताना दिसायलाच हवा असेल, तर मास्टर शॉटमध्ये (पूर्ण दृश्य दाखवणाऱ्या लांबच्या शॉटमध्ये) फिरवा आणि क्लोजअपला बंद करा. जनरेटर इमारतीच्या आड, लांब केबल टाकून उभा करावा लागतो. ती केबल भाड्याच्या यादीत आधीच लिहा, आयत्या वेळी मिळत नाही.

रूम टोन कशाला हवा? शांतता एडिटमध्ये टाकता येत नाही का?

रूम टोन म्हणजे कोणी बोलत नसताना त्या जागेचा स्वतःचा आवाज. एडिटमधली रिकामी जागा म्हणजे शांतता नव्हे, तो आवाजाला पडलेला खड्डा असतो आणि प्रेक्षकाला तो लगेच कळतो. प्रत्येक जागेचा, त्याच माइकने, त्याच जागी, त्याच दिव्यांसह आणि माणसं आत असतानाच किमान ४५ सेकंद रूम टोन घ्या. संपूर्ण युनिटला गप्प बसवणं जड जातं, म्हणून तो जेवणाच्या सुट्टीआधी किंवा दृश्याचा शेवटचा शॉट झाल्या झाल्या घ्या. त्याच वेळी वाइल्ड ट्रॅक, म्हणजे कॅमेरा न चालवता नुसते घेतलेले आवाज, हेही उरका: विमानाखाली गेलेली ओळ, दाराची कडी, बैलगाडी, रहाट. कलाकार अजून त्या भावनेत असतो, त्यामुळे ती ओळ बहुतेक वेळा ओठांवर बसतेही.

एडिटमध्ये आवाज हळूहळू पुढे-मागे जातो. का?

सुरुवातीला जुळतो आणि पुढे सरकतो, तर कारण वेगाचं असतं. शेवटपर्यंत सारखाच पुढे किंवा मागे राहतो, तर क्लॅप चुकीच्या फ्रेमला जुळवलेला असतो.

सरकण्याची नेहमीची कारणं अशी. कॅमेरा सेकंदाला २३.९७६ फ्रेमवर आणि एडिटचा प्रोजेक्ट २४ वर असेल, तर ०.१ टक्क्याचा फरक पडतो. सतरा मिनिटं पूर्ण होण्याआधीच तो एक सेकंदाचा होतो. मोबाइलवर शूट केलं असेल, तर फोन प्रकाशानुसार फ्रेमचा वेग बदलत राहतो. त्या फाइल एडिटमध्ये घेण्याआधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या. आणि तासभराच्या मुलाखतीसारख्या लांब टेकमध्ये कॅमेरा व रेकॉर्डरच्या घड्याळांचा वेग किंचित वेगळा असण्यानेही एखाद-दुसऱ्या फ्रेमचा फरक पडतो. टाइमकोड बॉक्स (कॅमेरा आणि रेकॉर्डरला एकच वेळ देणारी डबी) लावला तरी क्लॅप द्याच. बॉक्सची बॅटरी संपली हे संध्याकाळीच कळतं.

लांबून घेतलेल्या आवाजालाही वेळ लागतो. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे २४ फ्रेमच्या वेगाला साधारण १४ मीटरमागे एक फ्रेम. लॉन्ग शॉटमध्ये कॅमेऱ्याजवळ ठेवलेल्या माइकचा आवाज ओठांमागे पडला तर घाबरू नका, एडिटमध्ये पुढे ओढा.

एडिट झाल्यावर साउंड डिझायनरला काय द्यायचं?

पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे चित्राचं एडिट पक्कं झाल्यावर, एएएफ फाइल (एडिटची टाइमलाइन दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेणारी), प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना किमान पाच सेकंदांचं हँडल, म्हणजे जादा आवाज, ठेवून. सोबत पडद्यावर टाइमकोड दिसणारी व्हिडिओ फाइल, मूळ रेकॉर्डिंगचं सगळं फोल्डर आणि साउंड रिपोर्ट (कोणत्या टेकमध्ये काय रेकॉर्ड झालं याची नोंद). पहिल्या फ्रेमच्या बरोब्बर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा १ किलोहर्ट्झचा बीप टाका, म्हणजे दोन्हीकडची फाइल जुळली का हे एका नजरेत कळतं.

घोळ होतो तो असा: एडिटरने सोयीसाठी फक्त मिक्स ट्रॅक वापरलेला असतो आणि बूम व कॉलर माइकचे वेगळे ट्रॅक टाइमलाइनवर नसतात. फाइलची मूळ नावं बदलली नसतील तर ते परत शोधता येतात. बदलली असतील, तर माणूस चार दिवस हेच करत बसतो. लॉकनंतर ‘फक्त दोन फ्रेम’ काढल्या, तरी पुढचं सगळं सरकतं. बदल करायचाच असेल, तर बदलांची यादी द्या.

सॉफ्टवेअरने पंखा, गाड्या, घुमण सगळं निघतं ना?

पंखा, एसी, विजेची घूं अशी सारखी चालणारी घरघर बऱ्यापैकी निघते. विजेची घूं आपल्याकडे ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीत १००, १५०, २०० अशी असते. हॉर्न, भुंकणं, दुसऱ्याचं बोलणं हे शब्दावर पडलं तर ते काढताना शब्दही खराब होतो. घुमण कमी करता येते, नाहीशी होत नाही. एका दमात सगळं साफ करू नका. ६ ते ८ डेसिबल कमी करा आणि उरलेलं त्याच जागेच्या रूम टोनखाली लपवा. जास्त ओढलं की ‘स’ आणि ‘श’ पाण्याखालून आल्यासारखे होतात. स्वच्छ पण मेलेल्या आवाजापेक्षा थोडी घरघर असलेला जिवंत आवाज कधीही बरा.

एखाद-दुसरी ओळच डब करायची आहे. ती जुळत का नाही?

बहुधा ती ओळ स्टुडिओतल्या मोठ्या डायफ्रामच्या (माइकच्या आतल्या थरथरणाऱ्या पातळ पडद्याच्या) माइकवर, तोंडाजवळ घेतलेली असते. सेटवर वापरलेलाच माइक आणा आणि तेवढ्याच अंतरावर, वरून धरा. कॉलर माइकचा ट्रॅक वापरला असेल, तर तोही लावा. कलाकार पळत बोलला असेल, तर त्याला जागच्या जागी उड्या मारायला लावा. वजन उचलत असेल, तर हातात काहीतरी जड द्या. ओळीआधी ठरावीक अंतराने तीन बीप द्यायचे आणि न वाजलेल्या चौथ्यावर बोलायला सुरुवात, ही पद्धत नवख्यालाही दहा मिनिटांत जमते. लांब परिच्छेद नको, एकेक वाक्य घ्या. श्वासही रेकॉर्ड करा. शेवटी वर रूम टोन आणि त्या खोलीएवढीच घुमण चढवा.

सिंक साउंड आहे, मग फॉली कशाला?

फॉली म्हणजे पावलं, कपडे, वस्तू यांचे आवाज पडद्याकडे बघत नव्याने करून रेकॉर्ड करणं. ते करण्याची दोन कारणं. माइक तोंडाकडे असतो, पायांकडे नाही, म्हणून पावलं, कपडे, हातातल्या वस्तू पुसट येतात. आणि सिनेमा दुसऱ्या भाषेत डब करायचा झाला, तर संवाद काढताना त्याखालचे सगळे आवाजही जातात. त्यासाठी संगीत आणि इफेक्टचा वेगळा, भरलेला ट्रॅक द्यावा लागतो. त्याला एम अँड ई म्हणतात, आणि वितरक तो मागतात.

पावलं पडद्यावर दिसते त्या जमिनीवर आणि त्या पादत्राणांतच घ्या. कोल्हापुरी चप्पल शहाबादी फरशीवर वेगळी वाजते, सारवलेल्या अंगणात अगदीच वेगळी. फॉली थिएटर परवडत नसेल, तर रात्री दोन वाजता शांत खोलीत, मातीचं घमेलं आणि फरशीचा तुकडा ठेवूनही काम होतं.

५.१ पुरे की ॲटमॉस हवं?

५.१ (पाच वाटांचे स्पीकर आणि एक सबवूफर) पुरे. ॲटमॉस म्हणजे डॉल्बीची छतावरूनही आवाज देणारी पद्धत. संवाद मधल्या स्पीकरमध्येच ठेवा. डावी-उजवीकडे पसरवले, तर कडेच्या खुर्चीतल्या माणसाला ते जवळच्या स्पीकरमधून येताना ऐकू येतात. सराउंडमध्ये वातावरण, पाऊस, गर्दी. सबवूफरचा वेगळा ट्रॅक मोजक्या धक्क्यांसाठीच, कारण घरच्या टीव्हीवर तो बहुधा ऐकूच येत नाही. महत्त्वाची गोष्ट फक्त तिथे ठेवू नका. ॲटमॉसमध्ये १२८ पर्यंत आवाजवाटा आणि थिएटरमध्ये ६४ पर्यंत स्पीकरवाटा मिळतात, पण त्या भरायला तेवढं साहित्य आणि मिक्सचे तास लागतात.

थिएटरमध्ये संवाद हळू आणि संगीत कर्कश वाटतं. चूक कोणाची?

दोन्हीकडची असू शकते. मिक्स थिएटर पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरला ८५ डेसिबलवर जुळवलेलं असतं आणि सिनेमा हॉलमध्ये साउंड प्रोसेसरचा आवाजाचा आकडा ७ वर ठेवून ऐकायचा असतो. बरेच हॉल तक्रारी आल्यामुळे तो ५ किंवा त्याखाली ठेवतात. मग सगळंच खाली येतं आणि कुजबुज आधी हरवते. म्हणून मिक्समध्ये हळू ओळी फार खाली ठेवू नका आणि संवादाच्या वेळी संगीतातली त्याच पट्टीतली वाद्यं, म्हणजे बासरी, व्हायोलिन, सारंगी, थोडी मागे घ्या. पहिल्या शोआधी पाच मिनिटं हॉलमध्ये जाऊन ऐका आणि प्रोजेक्शनवाल्याशी नीट बोला.

प्रत्येक ठिकाणी वेगळी लेव्हल का मागतात?

ऐकण्याची जागा वेगळी म्हणून. खालचे आकडे सरासरी जोराचे, एलयूएफएस (किंवा एलकेएफएस) या एककात आहेत. नेटफ्लिक्स संवादावर मोजून उणे २७ मागतं, दोन युनिट इकडे-तिकडे चालतं, आणि शिखर उणे २ डेसिबलच्या वर नको. टीव्हीसाठी उणे २३ हे युरोपचं मानक आहे, पण वाहिनीचा लेखी स्पेसिफिकेशनचा कागद मागून घ्या. यूट्यूब मोठा आवाज उणे १४ च्या आसपास खाली आणतं, हळू असेल तर वर करत नाही. थिएटरचा मिक्स तसाच मोबाइलवर टाकला की अर्धे संवाद गायब होतात, त्यामुळे ऑनलाइनसाठी वेगळा स्टिरिओ मिक्स करायचे पैसे बाजूला ठेवा.

हेडफोनवर मिक्स करून चालेल?

सफाई, क्लिक काढणं, एडिटिंग: हो. शेवटचा तोल: नाही. हेडफोनवर घुमण आणि संवाद यांचं प्रमाण फसवं लागतं. फेस्टिव्हलला जाण्याआधी एक दिवस तरी मिक्स थिएटर घ्या.

काम संपल्यावर काय जपून ठेवायचं?

अंतिम मिक्स, संवाद, संगीत आणि इफेक्टचे वेगळे स्टेम्स (मिक्समधले स्वतंत्र गट), एम अँड ई, मिक्सचं पूर्ण सेशन आणि मूळ रेकॉर्डिंग. सगळं २४ बिट वेव्हमध्ये, दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या पत्त्यांवर. डिस्कवर सिनेमाचं नाव, फ्रेम रेट आणि तारीख लिहा. नुसतं ‘फायनल’ लिहिलेल्या डिस्क प्रत्येक ऑफिसात पाच-सहा तरी असतातच.